लाल लाखेचं सील

३ जानेवारी, मंगळवार

आज उम्म सुफयाननं मला तिच्या मोरीत ओणवं व्हायला लावलं. "नाक लावा इंजिनियर बाई, लाजू नका." लावलं. गॅस! कुजक्या कांद्याचा तो वास, जाळीतून सरळ वर. हा गॅस हवेपेक्षा जड. पाण्यासारखा उताराला लागतो, आणि उताराला आहे तिचं स्वयंपाकघर. भिंतीच्या पलीकडे अबू अजवदचं सिलिंडरचं गोदाम.

"थंडी पडली की दर वर्षी असंच," ती म्हणाली. "काडी ओढायच्या आधी दार उघडते, खिडकी उघडते, अल्लाचं नाव घेते, मग चहा ठेवते. नवरा कुवेतला. तो फोनवर सांगतो, घर बदल. म्हटलं, तू ये आणि बदल!" आणि हसली. मला हसू आलं नाही. घरात चार लेकरं आहेत.

पलीकडे गेले. अबू अजवदचा पुतण्या राकान मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरांत नळीनं गॅस उतरवत बसला होता. कायद्यात याला सरळ बंदी आहे. मोबाईल कानाला, सिगारेट ओठात! "पेटवलेली नाहीये," म्हणाला, जणू उपकारच केले. अबू अजवदनं खुर्ची पुढे केली. मोठा माणूस, मऊ आवाज, हातात जपमाळ. "या, या! ऊर्जा आयोग आला दारी. बाई, चहा की कॉफी?"

म्हटलं, परवाना.

परवाना आहे, विक्रीचा. साठ्याचा नाही. भरण्याचा तर कुणालाच मिळत नाही. "बाई, सगळं झरका शहर माझ्या गॅसवर ऊब घेतं. तुमची आई कुणाच्या सिलिंडरवर शेकते, विचारा जरा घरी."

घरी विचारलं. त्याच्याच. डोक्यात तिडीक गेली.

५ जानेवारी, गुरुवार

अम्मानला कचेरीत. संचालक सुहैब साहेबांपुढे अहवाल ठेवला. वाईट माणूस नाही. पण टेबलावर काही ठेवलं की ते तिथेच जिरावं अशी त्याची मनापासून इच्छा असते.

"मैसून, आधी मार्गदर्शन. मग नोटीस. मग सुनावणी, दंड, आणि शेवटी सील. आपण नियामक आहोत, फौज नाही."

"गॅस एवढं थांबतो का, साहेब?"

"शिवाय घरांपासूनच्या अंतराचं म्हणशील तर आपल्या मार्गदर्शिकेत 'पुरेसं अंतर' एवढंच आहे."

एवढंच आहे! पहिल्या मसुद्यात मीटर होते. मीच घातले होते. मग वितरकांच्या संघानं आयोगाला जेवायला बोलावलं, अख्खा बकरा भातावर मांडला, आणि पुढच्या मसुद्यात मीटर गेले, पुरेसं आलं. कुणाला पुरेसं? उम्म सुफयानच्या मोरीला?

पण कायदा आहे. संसदेनं केलेला, वितरकांच्या संघानं नाही. त्यात तातडीच्या धोक्याचं कलम आहे - जीव जाण्याची भीती असेल तर पायऱ्या न चढता थेट सील. ते कलम त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं. त्यांनी पेन शोधलं. मग सही केली.

सोमवारी.

९ जानेवारी, सोमवार

अक्षर वाकडं येतंय.

मी, सत्ताम आणि एक पोलीस शिपाई. सत्ताम आमचा तंत्रज्ञ. सहा वर्षं आम्ही एकत्र फिरतो. तोंड सतत चालू, पण हाताला घाई नाही. लाल लाख तो गल्लीच्या तोंडाशी, गाडीत बसून वितळवतो आणि डबी फडक्यात धरून पळत आणतो. गोदामाजवळ ज्योत नेत नाही. आजही तसंच. "ताई, बाजूला व्हा, गरमागरम आलंय!" पोरं हसत होती. अबू अजवद दारात उभा, जपमाळ फिरवतोय. आज चहा की कॉफी विचारलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

साखळी घातली. कुलूप घातलं. सत्तामनं वाकून लाख ओतली आणि शिक्का दाबला. तो सरळ होईतो मागून राकान आला. हातात लोखंडी गज.

गज तोंडावर बसला. आडवा. सत्ताम ओरडलासुद्धा नाही, खाली बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा धरला. बोटांमधून रक्त. राकाननं दुसऱ्यांदा गज उगारला. मी त्याच्या मनगटाला चावले - चावले! दात लागले, रक्ताची चव आली, सोडलं नाही. कुणीतरी ओढणीसकट केस धरून मला मागं खेचलं. पाच-सहा जण होते. लाथा कुणाच्या ते कळलं नाही. गच्चीवरून हवेत गोळ्या. शिपाई कुठे होता? गाडीत! काचा वर करून!

उम्म सुफयान लाटणं घेऊन बाहेर आली. बायका आल्या. बायका मध्ये आल्यावर ते मागं हटले. एवढी लाज शिल्लक आहे.

जाताना पाहिलं - सील शाबूत होतं.

१० जानेवारी, मंगळवार

सत्तामचा डावा डोळा काढला.

१५ जानेवारी, रविवार

सकाळी नायिफ, माझा भाऊ, खाली गाडी काढायला गेला आणि तसाच वर आला. माझ्या गाडीच्या पुढच्या काचेत तीन भोकं. ड्रायव्हरच्या सीटमागची गादी फाटून कापूस बाहेर. दिवसाढवळ्या, फळवाला समोर उभा. फळवाल्यानं काही पाहिलं नाही. आवाजसुद्धा ऐकला नाही. मी म्हटलं, "संत्री विकतोस की डोळे-कान विकलेस?" तो वजनकाटा पुसायला लागला.

आईनं काचा झाडल्या. झाडताना बोलत होती, माझ्याकडे न बघता. "नवरा टिकला नाही हिचा, आता गाडीपण टिकेना. बाई, तुला सरकारनं काय दिलंय? चार भिंतींची खोली आणि एक शिक्का. तो शिक्का घे आणि घाल त्याच्या डोक्यात, म्हणजे सुटलो."

नायिफची धाकटी खिडकीतून पाहत होती. तिला आत नेलं. तिला वाटतंय गाडीला दगड लागला. नायिफ म्हणाला, "मैसून, माझी लेकरं खालच्या मजल्यावर झोपतात." एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तक्रार दिली. फौजदार बस्सामनं लिहून घेतली. अनोळखी इसम. अनोळखी!

१९ जानेवारी, गुरुवार

दवाखान्यात सत्ताम. अर्धा चेहरा पट्टीत. मला बघून म्हणाला, "ताई, आता तुमची अर्धीच बडबड दिसेल मला." हा माणूस!

बाहेर त्याचा बाप भेटला. म्हणाला, अबू अजवदची माणसं येऊन गेली. आम्ही तात्पुरता तह दिला. आता समेटाची जाहा घेऊन येतायत. शेख, माजी आमदार, मशिदीचे इमाम - पन्नासेक माणसं.

जाहा आली की काय होतं ते इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माणसं बसतात. कडू कॉफी फिरते. म्होरक्या कप घेतो आणि न पिता समोर ठेवतो. मागणं सांगतो. यजमान "कॉफी घ्या" म्हणाला की मागणं मान्य. मग सगळे पितात आणि मागचं सगळं संपतं. नाही म्हटलं तर पन्नास दाढ्यांचा अपमान, आणि त्याचा हिशेब पुढच्या पिढ्या चुकवत बसतात.

"नाही म्हणा," मी म्हटलं. "अबू सत्ताम, पोराचा डोळा गेलाय. राकानला तुरुंगात जाऊ दे. जोवर हा खटला आहे तोवर त्या गोदामाला हात लावायला कुणी धजणार नाही."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. दया! "पोरी, माझी आणखी तीन मुलं आहेत. रोज त्याच रस्त्यानं कामाला जातात. तुझा आयोग त्यांच्याबरोबर चालणार आहे का?"

बसनं घरी आले.

२७ जानेवारी, शुक्रवार

समेट झाला.

मी बायकांत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. अंगणात तंबू. सत्ताम बापाशेजारी, काळा चष्मा, नवा कोट, लग्नातल्यासारखा बसवलेला. शेखनं कप समोर ठेवला. गोड बोलला. अल्ला, रक्त, शेजार, सैतानाची फूस. मग - "आम्ही माणसाचं मागतो आणि दुकानाचं मागतो. पोराला सोडा, कुलूप सोडा. दोन्हीवर पाणी सोडा, आणि आम्हाला पिऊ द्या."

कुलूप! मी खिडकीच्या गजाला धरलं. कुलूप सत्तामच्या बापाचं नाही. माझंही नाही. ते कायद्याचं आहे, ते कुणाच्या अंगणात कसं देऊन टाकता येईल? बाजूच्या बाईला म्हटलं, "ऐकलंस का?" ती म्हणाली, "काय?" एकालाही ते खटकलं नाही. शेखला नाही, माजी आमदाराला नाही, सत्तामला नाही. भांडण एक, तर मिटणंही एकच - त्यात माणूस, दुकान, गज, सील, सगळं आलं.

"कॉफी घ्या," सत्तामचे वडील, अबू सत्ताम, म्हणाले. आवाज फाटला होता त्यांचा.

पन्नास कप एकदम वर गेले. मिठ्या. मग भाताची ताटं. राकाननं सत्तामच्या खांद्याचं चुंबन घेतलं. मी तशीच मागच्या दारानं निघाले, जेवले नाही. आई म्हणते अपमान केलास. केला!

दुपारच्या असरच्या नमाजाआधी राकाननं लाख सुरीनं खरवडली. उम्म सुफयानचा फोन. "इंजिनियर बाई, ते हॉर्न वाजवतायत. वरात आहे जणू."

२९ जानेवारी, रविवार

फौजदार बस्साम: "मॅडम, मिटलंय ना? शेख होते, मीही होतो, मीही प्यालो. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

म्हटलं, "ज्या तोंडानं प्यालात, त्याच तोंडानं."

त्यानं फाईल बंद केली.

सुहैब साहेब तर त्याच्याही वरचढ. मार्गदर्शिका काढली, परिच्छेद दाखवला - पक्षांमध्ये तडजोड झाल्यास आयोगानं ती उचलून धरावी. हा परिच्छेद वीजबिलांचा आहे! मीटर जास्त फिरला, कंपनी आणि ग्राहक आपसात मिटवतात, त्याचा! "साहेब, इथे दुसरा पक्ष कोण? गॅस? गॅसनं कॉफी घेतली का?"

"आवाज खाली, मैसून."

आवाज खाली केला नाही. मग त्यांनीच दार लावलं. म्हणाले, वरच्या मंडळाकडे जा, मी अडवणार नाही. मदतही करणार नाही, हे बोलले नाहीत. रात्रभर कायदा, नियम, मार्गदर्शिका, सगळं पुन्हा वाचून अर्ज लिहिला. मोठा झाला. असू दे.

२ फेब्रुवारी, गुरुवार

उम्म सुफयान भाजली.

सकाळी आठच्या आत. पोरांना शाळेत पाठवायची घाई. खिडकी थंडीमुळे गोठून घट्ट बसली होती म्हणे. शेगडी पेटवली आणि अख्खी मोरी पेटली. निळी, एका फटक्यात. हात कोपरापर्यंत. केस. भुवया. थोरला सुफयान धावला, त्यानं ब्लँकेट टाकलं. पोरं वाचली. ती वाचली. भिंत वाचली - पलीकडे दोनशे सिलिंडर होते.

मी गेले तेव्हा राकान दुकानापुढे पाणी मारत होता. धुळीवर. "बायका स्वयंपाकात बेफिकीर असतात," तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता. मी तशीच त्याच्या अंगावर गेले. दोघांनी धरलं मला. धरलं नसतं तर काय केलं असतं, माहीत नाही. माहीत आहे.

५ फेब्रुवारी, रविवार

भाजलेल्यांचा वॉर्ड. दोन्ही हात पट्ट्यांत, छातीवर ठेवलेले. डोक्याला केस नाहीत. आधी मी ओळखलं नाही तिला. तीच म्हणाली, "बसा, चहा करते." आणि तोंड वाकडं करून हसली.

मग म्हणाली, अबू अजवद येऊन गेला.

"इथे?"

"इथे कशाला? दिराकडे. दिरानं ते सगळं केलं. नवऱ्याला फोन लावला, तो म्हणाला भावा तू बघ. हात माझे भाजले बाई, आणि कॉफी दिरानं पाजली."

तिची बोटं पट्टीतून एवढीशी दिसत होती, काळी. परिचारिका पट्टी बदलायला आली तेव्हा ती ओरडली. मी बाहेर गेले नाही. ऐकलं. पूर्ण ऐकलं. मी रडले, आणि रडल्याचा रागही आला. बाहेर आल्यावर भिंतीवर मूठ मारली. करंगळी सुजलीय.

१२ फेब्रुवारी, रविवार

मंडळापुढे सुनावणी. अबू अजवद स्वतः आला, नवा अंगरखा, वकील, आणि मागे वितरकांचा संघ. वकील म्हणाला, दोन्ही कुटुंबांनी माफ केलंय, मग तक्रारदार कोण?

मी उभी राहिले. "तक्रारदार हा आयोग. तुमच्या अशिलाला परवाना कुणी दिला? शेखनं? परवाना ज्यानं दिला तोच काढून घेणार. माफी दोन कुटुंबांची आहे, त्यांनी दिली, त्यांचं त्यांच्यापाशी. भिंतीपलीकडची माणसं कुणी माफ करायची नसतात, ती जिवंत ठेवायची असतात."

मागून कुणीतरी हसलं. मंडळाच्या अध्यक्ष बाई हसल्या नाहीत. दुपारी आदेश - परवाना निलंबित, माल ताब्यात, गोदाम सील, पोलीस बंदोबस्तात. पुढे लेखी: घरांपासूनचं अंतर मार्गदर्शिकेत मीटरमध्ये लिहावं.

मीटर! परत आले मीटर!

आईसाठी गोड कुनाफा नेला. तिनं खाल्ला. म्हणाली, "आता तरी झालं ना तुझं?"

१४ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या. सत्ताम म्हणतो मी येणार. एका डोळ्यानं लाख ओततो म्हणे. नको म्हटलं. येणारच आहे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

वकील बाईंनी वही आणून दिली. पेन शिपाई बाईचं. मी बायकांच्या कोठडीत आहे.

नीट लिहिते.

बुधवारी आम्ही गेलो. पोलिसांच्या दोन गाड्या, बस्सामही. आदेश वाचून दाखवला. अबू अजवद शांत. बाहेरचे सिलिंडर पोलीस ट्रकवर चढवायला लागले. मी आत गेले, झडपा तपासायला, हातात मोठा पाना. मागच्या रांगेत सुसकारा ऐकू आला. एक झडप गळत होती. चांगलीच. वास नाकात बसला. मी ओरडले, सगळे बाहेर व्हा, कुणी काही पेटवू नका!

अबू अजवद आत आला. मागे दारात राकान आणि दोन-तीन शेजारी, तमाशा बघायला. तो मोठ्यानं म्हणाला, त्यांना ऐकू जावं म्हणून - "चाळीस वर्षं माझं आयुष्य या वासात गेलं. काही होत नाही. बायको घाबरते तशी सरकारं घाबरतात." आणि खिशातून लायटर काढला.

"ठेव तो आत," मी म्हटलं.

"बघा, बाई. बघा, काही होत नाही." अंगठा चाकावर. हसत होता. खरंच दाखवायचं होतं त्याला. त्याला खरंच वाटत होतं की काही होत नाही!

भिंतीपलीकडे सुफयान आणि तीन लेकरं. बाहेर सत्ताम. एवढं मनात आलं, आणखी काही नाही. नाही - खोटं नको. राकानचा गज आला. त्या पट्ट्यांतली काळी बोटं आली. मग मी पाना फिरवला.

हातावर मारायचा होता. बसला कानशिलावर. तो पडला, पडताना डोकं सिलिंडरच्या कडेवर. लायटर माझ्या पायाशी आला. न पेटता. मी तो उचलला आणि बाहेर गेले आणि बस्सामच्या हातात दिला. मग राकान माझ्या अंगावर आला आणि पुढचं नीट आठवत नाही. दोन फासळ्या. एक दात.

अबू अजवद बेशुद्ध आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार

आई भेटायला आली नाही, येऊ शकली नाही. वकील बाईंनी सांगितलं. नायिफच्या दारावर गोळीबार. नायिफच्या दंडातून गोळी आरपार. वाचला. काल प्रशासनानं त्याला, काकांना, चुलत भावांना, सगळ्यांना झरका सोडायला सांगितलं. रक्त तापलेलं आहे, म्हणे. मारणाऱ्याच्या घराण्यानं उठायचं, ही इथली जुनी रीत. गाद्या, भांडी, सिलिंडर ट्रकवर टाकून दूर करक गावाला गेले, लांबच्या नातेवाइकांच्या ओसरीवर. नायिफच्या धाकटीची शाळा गेली. आईला ट्रकवर उचलून चढवावं लागलं.

मारलं मी. उठले ते.

वकील बाई म्हणतात, केस मजबूत आहे. गळती होती, आग लागणार होती, तुम्ही गल्ली वाचवली. आयोगाचा अहवाल, गळकी झडप जप्तीत. त्यावर सगळं उभं आहे. मी म्हटलं, उत्तम. कोर्टात जाऊ द्या. मला शिक्षा झाली तरी कायद्यानं होऊ दे. माझ्यासाठी कुणी कुणाच्या अंगणात कप मांडायचा नाही. काकांना तसं कळवा.

त्यांनी कळवलं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

अबू अजवद सकाळी वारला.

दुपारी काका आले. एवढा मोठा माणूस, जाळीपलीकडे उभा, दाढी न केलेली. अबू अजवदची माणसं बोलायला तयार आहेत, म्हणाले. उद्या जुम्याच्या नमाजानंतर जाहा न्यायची. ते "कॉफी घ्या" म्हणतील. नायिफ घरी येईल, आई घरी येईल. अट एकच. गळती नव्हती, वास नव्हता, असं मी लिहून द्यायचं. म्हणजे परवाना राकानच्या नावावर होईल आणि गोदाम उघडेल.

"पोरी, धाकटीला ताप आहे. ओसरीला दार नाही."

भिंतीपलीकडे कोण राहतं ते मला माहीत आहे.

दिलं लिहून.